नळ सुटण्याची वेळ

मृत्यूच्या दाखल्यावर बाबांचं आडनाव
डहाले असं छापून आलं.
मी कागद खिडकीतून परत सरकवला,
म्हटलं, यात एक अक्षर चुकलंय.

राठौरबाबूंनी चष्मा कपाळावर नेला.
बहनजी, मशीन में जो है सो है.

देपालपूरची नगर परिषद, सोमवार.
(आई शेवटपर्यंत देपाळपूरच म्हणायची.)
रांगेत नामांतरणवाले, पेन्शनच्या म्हाताऱ्या,
वॉर्ड नऊची नाली तुंबली म्हणून आलेली पाच माणसं
आणि पुराव्यादाखल, बादलीत,
ती नाली.

कोणतं अक्षर, बाबूंनी विचारलं.
मी उच्चारलं.
ल, म्हणाले ते.
नाही, जीभ थोडी मागे वळवा.
ड, म्हणाले.
र, म्हणाला चहावाला पोरगा, ग्लास मोजता मोजता.
पेन्शनच्या रांगेतून कुणी नुसतंच खाकरलं.
जन्म-मृत्यूच्या खिडकीपाशी पाऊण तास
अख्खं कार्यालय तोंडात एक अक्षर फिरवत होतं,
बोर गळ्याशी अडकावं तसं.

वॉर्ड नऊच्या पार्षद धापूबाई
बादलीवाल्यांबरोबर आल्या होत्या.
तीन वर्षांत सभेत त्या बोलल्याचं कुणाला आठवत नाही.
बोलतात ते त्यांचे यजमान, मागच्या खुर्चीवरून,
आणि इतिवृत्तात लिहिलं जातं: पार्षद महोदया म्हणाल्या.
त्या दिवशी यजमान पानठेल्यावर होते.
धापूबाईंनी घुंगट दोन बोटं वर केला
आणि म्हणाल्या, ळ.
स्वच्छ. घरातलाच तांब्या उचलावा तसा.
ईमें कईं हे, म्हारा गाम में तो सगळा बोले.

बाबूंनी त्यांच्याकडे पाहिलं,
मग यादीत पाहिलं,
मग शपथपत्र सांगितलं, दोन साक्षीदार,
पन्नास रुपयांची पावती.
एका साक्षीदाराच्या जागी धापूबाईंनी सही केली.
सहीला त्यांना माझ्या सगळ्या आयुष्याइतका वेळ लागला.
मग त्याच पेनानं, पेन हातात आहेच म्हणून,
नालीच्या अर्जावरही.

बेबाकी प्रमाणपत्रासाठी बाबांची चावी जमा करायची होती.
चावी म्हणजे चार फुटी लोखंडी दांडा, टोकाला चौकोनी तोंड,
एकतीस वर्षं आमच्या दारामागे उभा.
पाव्हणे विचारायचे, चोरांसाठी का?
बाबा म्हणायचे, उलट. हा दिसला की लोक दार उघडतात.
शिव्याही त्यालाच पडायच्या, आणि लग्नातला पहिला लाडूही.

टाकीखालच्या खोलीत आता मुबारिक असतो.
भिंतीवर गेरूनं बाबांची यादी, तशीच:
माळीपुरा. पिंपळ चौक. देवळामागे. शाळेची गल्ली.
आणि खाली बस स्टँड, सराफा, थाना रोड.
पुसली नाहीस, मी विचारलं.
पुसू कशी, तो म्हणाला, सगळा हिसाब तर हाच आहे.
मराठी मला येत नाही, नावं अंदाजानं लावली,
पण काकांनी निशाण करून ठेवलंय, बघा,
आणि त्यानं माळीपुऱ्यातल्या ळवर बोट ठेवलं,
हे दोन गोल.
जिथं दोन गोल, तिथं व्हॉल्व दोन फेरे.
चढावरचे मोहल्ले आहेत ना.
बाकीच्यांना एक.

मी यादी पुन्हा वाचली.
चढावर खरं तर फक्त माळीपुरा.
शाळेची गल्ली तर उतारावर,
तिथं दोन फेऱ्यांत अंगणं धुऊन निघत असतील.

सांगणार होते.
पण त्यानं चावी हातात घेऊन तोलली,
तिच्या मुठीवर बाबांच्या तळव्यानं झालेला खळगा
अंगठ्यानं चाचपला,
आणि घड्याळ पाहून म्हणाला, चला, वेळ झाली.

अर्ज अजून विचाराधीन आहे. आवक क्रमांक तीनशे सतरा.
नाली उघडली.
पाणी एक दिवसाआड, सकाळी सहाला,
शाळेच्या गल्लीत जरा जास्तच.