पाण्याने फक्त वजन उचललं

बाबांचा उजवा घोटा
मुरगावच्या धक्क्यावर गेला.
'सातेरी' बार्ज तेव्हा पोट भरलेल्या म्हशीच्या चालीनं
बाजूला लागत होती.
आत हजार टन लाल खनिज.
कायतानानं इंजिन केव्हाच बंद केलेलं,
कुणाला घाई नव्हती, जुवारीलासुद्धा.
जिथं टायर लटकायचा
तिथं नुसता दोर होता, टोक पिंजलेला.
बाबांनी पाय पुढे केला,
होडी थोपवतात तसा.

होडी थोपवतात तसा!
बावीस वर्षांचा खलाशी.
तरंगतं ते हलकं, असं देहाला वाटतंच.
पण नदी फक्त वजन उचलते,
वस्तुमान ज्याचं त्यानं सांभाळायचं.

मी आता सावर्ड्याच्या हायस्कुलात
नववीला विज्ञान शिकवते.
फळ्यावर लिहिते, बल म्हणजे
वस्तुमान गुणिले त्वरण.
पोरं उतरवून घेतात, खाली दोन रेघा मारतात,
शाई वाळायच्या आत विसरतात.
शॅरल तेवढी विचारते,
"टीचर, गुणिलेच का? अधिक का नाही?"

मी सांगते, समज, बार्ज तिप्पट जड झाली
आणि थांबायला वेळ मिळाला निम्मा,
तर धक्क्यानं किती सोसायचं?
ती ओठांत पुटपुटते. सहापट, म्हणते.
मग स्वतःच, "पाचपट नाही."
नाही. पाचपट असतं
तरी घोटा वाचला नसताच म्हणा.

बोरीचा पूल दिसायच्या आधीच
तांडेल इंजिन उलटं फिरवायचा.
परतीला, रिकाम्या पोटानं,
पूल पार जवळ आला तरी विडी ओढत बसायचा.
तेच इंजिन, तीच नदी, तोच माणूस.
आणि टायर?
टायर बार्जला एवढंच म्हणतो,
थांब बाई, पण सावकाश थांब.
मधे दोन सेकंद घालतो.
दोन सेकंदांत हाड आणि हाडाचा भुगा
यांच्यातलं सगळं अंतर मावतं.
हे पुस्तकात आहे, पण टायर नाही.

खाणी बंद झाल्यापासून 'सातेरी'
आमच्याच गावच्या काठाला बांधलेली,
पत्र्याला पापुद्रे, डेकवर रुईचं झाड.
शनिवारी शाळा सुटल्यावर
मुलांना घेऊन गेले. बाबाही आले, काठी टेकत.
भरती संपून ओहोटी लागायची होती,
पाणी जागच्या जागी.
बाबांनी शॅरलला बोलावलं,
तिचे दोन्ही तळवे पत्र्यावर ठेवले.
"लोट," म्हणाले, "आनी राव."

तिनं लोटलं.
काही नाही.
मुलं हसली. कुणीतरी म्हणालं, टीचर, पुढचं पिढीला सांगा.
चारशे टनांनी भागलेला
तेरा वर्षांच्या मुलीचा नेट
शून्याच्या इतका जवळ
की परीक्षेत आम्ही त्याला शून्यच म्हणतो.
बाबा म्हणत नाहीत.
ते बिट्ट्यावर बसून राहिले,
शॅरलच्या मानेवरची शीर पाहत.
अर्धं मिनिट. पाऊण.

मग धक्का आणि पत्रा यांच्यामधे
पाण्याची एक फट दिसली,
सुरीच्या पात्याएवढी,
मग हाताएवढी, तीत थोडं आभाळ.
"गेली! टीचर, गेली!"
शॅरलनं हात काढून घेतले.
बार्ज जातच राहिली,
आता तिला कुणाची गरज नव्हती,
सैल दोर एकेक पीळ करत ताठ होत आला.

मुलं टाळ्या पिटत होती.
बाबांनी न बोलता
बिट्ट्याभोवती दोराला आणखी एक वेढा दिला
आणि उजवा पाय
हळूच मागे घेतला.