एम-सात या नकाशावरचे शेरे

विश्रामगृहाच्या जेवणाच्या टेबलावर
नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार वजनं:
मिठाची बाटली, माझ्या चष्म्याचा डबा,
आवारात पडलेली एक हिरवी कैरी,
आणि गवाणकर साहेबांचा मोबाईल, पालथा.

मधे देवगडचं पन्नास खाटांचं रुग्णालय.
भिंत एकही नाही. सड्यावर फक्कीच्या रेघा,
त्यातल्या अर्ध्या काल गुरांनी तुडवल्या.
कागदावर मात्र हवा केव्हाच सुरू झालीय,
निळे बाण आत, तांबडे बाहेर,
तासाला बारा वेळा बदलणारी हवा,
अजून कुणाच्याच छातीत न गेलेली.

पेन्सिल घेऊन मी बाणांच्या मागे मागे जाते.
शेरा एक: समुद्र साडेतीनशे मीटरवर,
कॉइलच्या पात्यांना लेप दाखवलेला नाही.
तीन पावसाळ्यांत त्यांचं पीठ होईल.
शेरा दोन: फिल्टर बदलायला माणूस शिरणार कुठून?
बीम आणि छताच्या मधे एक वीत जागा,
तिथे फक्त पाल जाईल.

सिस्टर वैजयंती कुबलना नकाशा वाचता येत नाही,
असं त्या आल्या आल्या म्हणाल्या,
आणि थेट खोली क्रमांक बारावर बोट ठेवलं.
"ही क्षयाची ना?
जुन्या वॉर्डात आम्ही खिडक्या बँडेजनं बांधायचो.
नाहीतर वारा सलाइनचा स्टँड पाडायचा.
मग दिवसभर सगळे एकमेकांची हवा चघळत बसायचे.
मीही. सात महिने गोळ्या घेतल्या मी."
खोकल्या नाहीत. चहाचा कप थोडा लांब सरकवला, इतकंच.

"आता तसं होणार नाही," गवाणकर म्हणाले,
"हवा पूर्वेला बाहेर टाकतोय. ताजी घेतोय पश्चिमेकडून,
बाळंतिणींच्या बाजूनं. वारा समुद्रावरचा,
कोपऱ्यात आलेख आहे, बघा."
आलेख होता. दूरच्या कुठल्याशा विमानतळाचा.

कप उचलायला आलेला सहदेव तांडेल
उत्तरेचा बाण शोधून तिथेच थबकला.
वीस वर्षं ट्रॉलरवर, आता चौकीदार.
"ह्यो दुपारचो वारो, बाई.
रातीक मतलई असता. डोंगराकडसून येता,
उजाडासर दर्यात जाता.
होडी काय उगाच पहाटे भायर काढतत?"

कुणी काही बोललं नाही.
कैरी घरंगळली, नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही सड्यावर.
बॅटरीच्या उजेडात मी पावलं मोजली,
खोली बाराची बाहेरची भिंत असेल तिथे
कातळाच्या भेगेत उदबत्ती खोचली.
मोगऱ्याचा वास, खाली ओला जांभा.
धूर आधी सरळ चढला, गोंधळल्यासारखा,
मग आडवा झाला आणि निघाला
ऑपरेशन थिएटरवरून, औषधांच्या खोलीवरून,
न बांधलेल्या जिन्यावर जराही न रेंगाळता,
थेट सिस्टर उभ्या होत्या तिथे,
पश्चिमेला, जिथून बाळंतिणींसाठी हवा घ्यायची होती.
त्यांनी नाकाला पदर लावला. उदबत्तीच होती ती.
तरी लावला.

"आमच्याकडे बहुतेक पोरं पहाटेच होतात,"
एवढंच म्हणाल्या.

आज शेरा तीन लिहिते आहे.
बहिर्गमन धुराडं उत्तर टोकाला न्यावं,
छतापासून तीन मीटर उंच. पंख्याची ताकद वाढवावी.
कारण, या रकान्यात मी लिहिलं: मतलई.
गवाणकरांनी चष्मा वर केला.
"हा तांत्रिक शब्द आहे का?
मुंबईला विचारतील."
विचारू देत, म्हटलं.
आज ही रेघ खोडरबरानं पुसते.
स्लॅब पडल्यावर डायमंड कटर लागेल,
निविदा लागेल, आणखी एक सिस्टर लागेल.
ते हसले नाहीत. मीही विनोद केला नव्हता.

सही केली. खाली तारीख.
सकाळची थोडी राख घडीत अडकून आलीय,
फुंकर मारली तर
बारावरून सरकून प्रसूतिकक्षावर जाऊन बसली.
बोटानं टिपली मग.