शुद्धिपत्र

पान चौदा.
वर जाड ठशात: केंद्रीय मंत्रिपरिषद.
खाली तीन रकाने, कॅबिनेट, स्वतंत्र प्रभार, राज्यमंत्री,
आणि अगदी तळाशी एक उपमंत्री,
जागा उरली म्हणून घेतल्यासारखा.

इंदूरला खजुरी बाजारात आमचा छापखाना.
भंवरकुव्याच्या खोल्यांतली पोरं
आमची बारा रुपयांची सामान्यज्ञान पुस्तिका
उशाशी घेऊन झोपायची.
आणि दिल्लीत फेरबदल व्हायचा
नेमका पाच हजार प्रती शिवून झाल्यावर.

बाबा रेडिओ कानाला लावून बसत.
शपथविधी संपेपर्यंत जेवण नाही.
"रसायन कोणाकडे गेलं? खत त्याच्याकडेच राहिलं का?"
आई आतून म्हणे,
"इथे पोळ्या गार झाल्या, ते खातं कोणाचं?"

मग रात्रभर चिठ्ठ्या.
रामसनेही जुळारी एकेका मंत्र्याला
डोक्यावर उभं करायचा.
आमच्याकडे त्या मापाचा 'ऊ' एकच, तोही झिजलेला,
म्हणून ऊर्जा खातं कायम तिरकं,
मंत्री कोणीही असो.
नजीरचाचा मैद्याची खळ शिजवत,
चिमूटभर मोरचूद टाकून,
झुरळांनी सरकार खाऊ नये म्हणून.

चिकटवायला मी आणि वृंदा.
जुन्या नावावर नवं नाव,
कडेला कड, बोटाने दाबून.
शंभर चिठ्ठ्यांना चार आणे.
एकदा माझ्या हातून संरक्षण शिक्षणावर बसलं,
अडतीस प्रतींत.
बाबांनी अडतीसही शोधून काढल्या,
ओल्या बोळ्याने सोलल्या.
ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले,
"मंत्री जातो, परत येतो.
पोराचा मार्क गेला की गेला."

एका वर्षी तर तीन थर झाले.
पान चौदा असं फुगलं
की पुस्तिका कुठूनही उघडा, तिथेच उघडायची.
खरगोनचा एक मुलगा आला दुकानात,
गळ्यात खोलीची किल्ली, तोंडाला उन्हाची खार.
त्याने नखाने खरवडत खरवडत
तळचं पहिलं नाव गाठलं होतं.
"सर, परीक्षा में कौनसा लिखूँ?"

बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं.
पुटपुटत हिशेब केला छापणाऱ्याचा:
प्रूफ चार दिवस, छपाई आठ, शिवण, सील,
मग गठ्ठे ट्रेझरीत, वर कुलूप…
"मधला लिही," म्हणाले.
"पर वो तो हट गए, सर."
"हटू दे. पेपर छापला तेव्हा खुर्चीवर तोच होता."
मुलाने मान हलवली, पटल्यासारखी किंवा घाबरल्यासारखी,
आणि मधल्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली.
त्याचा निकाल आम्हाला कधी कळला नाही.
बाबा मात्र त्या वर्षी निकालाच्या दिवशी
पेपरातले नंबर वाचत होते,
त्याचा नंबर ठाऊक नसताना.

पुढे ऑफसेट आलं.
टाइप भंगारात गेला किलोच्या भावाने;
कॅबिनेट आणि राज्यमंत्री एका तागडीत,
शिसं ते शिसं.
रामसनेहीने तेवढा तो झिजका 'ऊ'
खिशात टाकला, विचारलं नाही.

आता बाबा सुदामानगरला माझ्याकडे,
बिनखात्याचे.
आई गेल्यापासून पोळ्या माझ्याकडे,
अतिरिक्त कार्यभार.
काल टीव्हीवर शपथविधी होता.
एकामागून एक नावं येत होती,
खाली पट्टी पळत होती, चुकत होती,
तासाभरात कोणीतरी कुठूनतरी दुरुस्त करत होतं,
खळ नाही, वास नाही.
"वेलांटी," बाबा म्हणाले. "वेलांटी दुसरी."
पट्टी निघून गेली होती.

मी ताट आणून ठेवलं.
त्यांचं उजव्या हाताचं बोट
टीपॉयच्या काचेवर, काहीच नसलेल्या जागी,
कड दाबत होतं.