सत्तावीस इंच

तहसीलीसमोरच्या माझ्या टपरीत
सतरा इंचांचा चौकोनी मॉनिटर
एकोणीस वर्षं प्रतिज्ञापत्रं दाखवत आला.
आता त्याची डावी कड पिवळी पडलीय
जुन्या रेशनकार्डासारखी,
आणि मी काचेला नाक लावून
ऱ्हस्व-दीर्घ हुंगत बसते.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर वाढवून देतो.
तेजल म्हणाली, मावशी, नंबर नको, इंच वाढव.
पुण्याहून तिनं यादी धाडली:
सत्तावीसच घे. बत्तीसवर तुझ्या बजेटात
अक्षरांच्या कडा उंदरानं कुरतडल्यागत दिसतील.
चकचकीत काच नको.
हर्ट्झचं मनावर घेऊ नकोस, तुला कुठे गेम खेळायचेत.
आयपीएस घे, बाजूनं पाहणाऱ्यालाही नीट दिसतं.
(बाजूनं पाहणारे माझ्याकडे पुष्कळ.
अर्जदार, त्याचा मेहुणा, कधी अख्खी ग्रामपंचायत.)

मे महिना, सीताबर्डी, दुपारचे दोन.
तोंडाला ओढणी गुंडाळून दुकानात शिरले
तर वाळ्याचा कूलर
आणि भिंतभर पोपट.
सहा पडद्यांवर एकच पोपट
एकाच वेळी मान वळवत होता.
"कलर पाहा मॅडम, कलर!" परातेभाऊ म्हणाले.
म्हटलं, भाऊ, मला पोपट नाही टाईप करायचा.
पर्समधून पेन ड्राइव्ह काढला.
"हे उघडा."

पोपट गेला. आलं
वारस दाखल्याचं प्रतिज्ञापत्र:
मी खाली सही करणार, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की.
सहा वेळा लिहून देतो.

मी गिऱ्हाइकाच्या स्टुलाइतकी मागे सरकले.
पहिल्यावर 'द्ध' चिखलात रुतलेला.
दुसऱ्यावर पांढरं असं निळं
की कागद नव्हे, ट्यूबलाइट वाचतेय.
तिसरा वाकलेला. "कर्व्ह आहे, सध्या हेच चालून राहिलं."
तक्त्याच्या सरळ रेघा कमरेत झुकल्या.
सातबारा असा वाकून चालत नाही, भाऊ.
चौथा चांगला होता.
किंमत ऐकली नि पाणी मागितलं.

पाचवा. साडेदहा हजार.
पांढऱ्या पानावर, वर उजवीकडे, एक काळा ठिपका.
ओढणीनं पुसला. गेला नाही.
"पिक्सेल मेलाय एक," परातेभाऊंनी आवाज उतरवला,
"डिस्प्लेचा पीस आहे. नऊ करून टाकतो.
तीट समजा ना बाप्पा."
वॉरंटी?
"राहीन ना. ठिपक्याची सोडून."

पंचेचाळीस रुपये पान.
नऊ हजार म्हणजे दोनशे पानं.
सहाव्याकडे मी पाहिलंच नाही.

खोकं माझ्याहून रुंद,
ई-रिक्षावाल्यानं दोघांचं भाडं घेतलं.
जुन्या सीपीयूची पिन निराळी निघाली,
तीनशे वीस आणखी; हे यादीत नव्हतं.
स्टँड बुटका, त्याखाली लीगल कागदाची दोन रिमं.
तेजल फोनवर ओरडली, मेलेला पिक्सेल घेतलास?
म्हटलं, जिवंत वीस लाख आहेत म्हणतात, तेवढे पुरतील.

दुसऱ्या दिवशी पहिला आला डुलीचंद पटले.
नोंदणीचा अर्ज.
नाव. वय. मूळ गाव, तालुका आमगाव.
व्यवसाय?
"मजूर."
टाईप केलं, चष्मा कपाळावर सारला, मागे टेकून वाचलं:
मंजूर.

अनुस्वार खोडायला गेले, र गेला.
पुन्हा खोडलं, जू गेला.
ठिपका तिथंच, उघड्या म वर.
मग लक्षात आलं.
शब्द परत भरला, पान ओळभर वर सरकवलं.
मजूर.

डुलीचंद स्टुलावरून, बाजूनं,
सगळं पाहत होता. नीट दिसत होतं त्याला.
"मॅडम," तो म्हणाला,
"पहिलेवालं बरं होतं."

मी पान पुन्हा खाली आणलं.
क्षणभर राहू दिलं तसंच.
प्रिंटरनं मात्र तो ठिपका घेतला नाही.