फुल तिकीट

पहाटे साडेपाचला सांगली स्टँडसमोर
पाचशे माणसं, पाचशे पांढरे टी-शर्ट,
आणि प्रत्येक छातीवर वीतभर लांब
तो शब्द.
मी आधी उलटाच घातला.
नातीनं, सन्मतीनं, बाह्यांतून हात काढायला लावून
सरळ करून दिला.
"आजोबा, वाचता आला पाहिजे."

दहा किलोमीटर, मिरजेपर्यंत.
मला किलोमीटर समजत नाहीत, टप्पे समजतात.
एकतीस वर्षं हा रस्ता मी उभ्यानं केला,
दांडीला पाठ लावून, काखेत ट्रे.
पायाखाली तो आज आला.
पुष्पराज चौकाच्या पुढं कळलं
की इथं बारीकसा चढ आहे.

कागदावर माझ्या नावापुढं देणारे :
भडंगवाला आवटी, टप्प्याला वीस.
बेदाण्याचे आरवाडे शेठ, एकरकमी, पावती हवी.
हळदीच्या पेठेतला हमाल बिरू, टप्प्याला पाच,
"पण पोचलासा तरच."
संशोधन म्हणजे नक्की काय करत्यात, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, कुणीतरी काचेला डोळा लावून बसतं
वर्षानुवर्षं,
आणि बहुतेक वेळा काही दिसत नाही.
"मग पैसं कशाचं?"
"बसण्याचं."
त्यानं पाचाचे सात केले.

विश्रामबागच्या गतिरोधकाशी पाय अडला.
आठ दहाची गाडी.
तेहतीस दिवस शेक, रविवार सोडून.
त्रिशला तिसऱ्या बाकावर, खिडकीकडं तोंड,
पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला.
सवलत होती. दाखला दाखवायचा.
म्हणजे कंडक्टरनं, म्हणजे मीच, भरल्या गाडीत
कारण विचारायचं
आणि तिनं तो शब्द सांगायचा.
पहिल्याच दिवशी तिनं तीन रुपये पुढं केले,
सकाळी मीच दिलेले,
आणि परक्या बाईसारखी म्हणाली,
"एक मिरज. फुल."
टक.
मी तिकिटाला भोक पाडलं.
जाताना आणि येताना, तेहतीस दिवस,
आम्ही एकमेकांचे कुणी नव्हतो.

वानलेसवाडीला रस्त्याकडेला खुर्चीत बसून
एकजण पाण्याचे ग्लास भरत होता.
नदाफ. माझा ड्रायव्हर. गुडघे गेलेले.
"मगदूम, त्या स्पीडब्रेकरला मी गाडी
पार पहिल्या गिअरवर आणायचो,
ध्यानात आलतं का कधी?"
नव्हतं आलं.
"वहिनींना धक्का नको म्हणून.
सगळ्या गाडीला ठाऊक होतं की.
भाजीवाल्या बायका उभ्यानं यायच्या,
पण तिसऱ्या बाकावर कुणी दाटी करायचं नाही."

मी पाणी प्यालो. आणखी एक ग्लास प्यालो.
एकतीस वर्षं डोकी मोजली गाडीतली,
एकदाही चुकलो नाही, असं निरोपसमारंभात
साहेबसुद्धा म्हणाले होते.

मिरजेत टेबल, टेबलावर डबा.
टप्प्यांचे पैसे टाकले.
मग रुमालात वेगळे बांधलेले काढले :
सहासष्ट तिकिटं,
प्रत्येकी दीड रुपया जादा गेलेला.
नव्व्याण्णव.
टेबलामागची पोरगी हसली,
"आजोबा, शंभर करा की."
"नको बाळ. हिशेब आहे तो."
स्मरणार्थ कुणाचं नाव घालू?
त्रिशला भूपाल मगदूम.
आणि त्या कशानं...
मी छातीवर बोट टेकवलं, छापलेल्या अक्षरांवर.
मग वाटलं, बोट नको.
तोंडानं सांगितला.

परतीच्या गाडीत कंडक्टर तरुण बाई, हातात मशीन.
टक नाही, नुसती किरकिर.
तिसरा बाक मोकळा होता.
"कुठं, आजोबा?"
"सांगली. हाफ,"
मी म्हणालो,
इतक्या मोठ्यानं
की ड्रायव्हरनं आरशात बघितलं.