मिलो

सलायना मागे पडलं, धान्याची पांढरी कोठारं मागे पडली.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना तांबडी कणसं,
सप्टेंबरच्या उन्हात, पार क्षितिजापर्यंत.
केतकी सहज म्हणते, "इथं याला मायलो म्हणतात.
गुरांना घालतात."
मी म्हणते, "गाडी थांबव."

सकाळी दवाखान्यात तिनं पेलाभर नारिंगी साखरपाणी
नाक दाबून प्यायलं.
डार्लीन नर्सनं चार वेळा रक्त घेतलं.
सव्विसावा आठवडा. साखर वाढलेली.
मग माझ्याकडे वळून विचारलं,
तुमचं जन्माचं वजन किती होतं, पाउंडांत?
मी हातांत अंतर धरून दाखवलं.
सुईण म्हणाली होती, वरवंट्याहून हलकी.
फॉर्मात वरवंट्याला रकाना नव्हता.

बाहत्तर सालचा दुष्काळ. माणदेशात तलावाच्या कामावर
माझी आई सातव्या महिन्यात खडी फोडत होती.
दुपारी वाटीभर सुकडी मिळायची,
ती थोरल्याच्या तोंडात जायची.
रेशनवर मिलो. थापताना चिरा पडायच्या भाकरीला,
पोटात दगडासारखी बसायची.
पोत्यावर इंग्रजी अक्षरं होती.
तिला मराठीही वाचता येत नव्हतं.
डोहाळे कसले लागले होते विचारलं,
तर म्हणायची, पाण्याचे.

नाळेतून येईल तेवढ्यावर
मी आत पंगत मांडली.
मेंदूला पहिलं पान. मग काळजाला.
स्वादुपिंड, मूत्रपिंडं, यकृत,
तुम्ही पुढच्या पंक्तीला बसा.
पुढची पंगत बसलीच नाही.

नंतर सुकाळ आला, विमान आलं, कॅन्सस आलं,
फ्रिजचं दार उघडलं की दिवा लागायला लागला.
शरीराला मात्र कुणी कळवलंच नाही.
ते अजून प्रत्येक घास कमरेपाशी पुरून ठेवतं.
एक्केचाळिसाव्या वर्षी गोळ्या, पन्नाशीत इन्सुलिन.
आणि पहिल्या पानावर बसलेला तो मेंदू,
त्यानंही काही ऐकलं असणार.
पहाटे तीनला मी दचकून उठते.
वाटतं, कुणीतरी अजून खडी फोडतंय.

हॅल्वर्सन डॉक्टरीणबाईंनी कागदाच्या पाठीवर
एकात एक तीन वर्तुळं काढली.
आजीच्या पोटात आई.
त्या वीतभर आईच्या पोटात
तिचं सगळं बीज तेव्हाच तयार,
त्यातलंच एक तू.
केतकी वर्तुळांकडे बघत राहिली.
"म्हणजे मीपण होते तलावावर?"

बाई सावध आहेत.
एका माणसापुरतं असं बोट ठेवून सांगता येत नाही, म्हणाल्या,
कल असतो, निकाल नसतो.
मला सटवाई आठवली.
ती पाचव्या रात्री येते.
पाटावर कोरा कागद, लेखणी, दिवा, सगळं मांडून ठेवतात.
तिच्या आधीच कुणी गिरवून गेलं असेल तर?
बाईंना सटवाई समजावून सांगताना माझं इंग्रजी संपलं,
पण त्यांना कळलं बहुतेक.
म्हणाल्या, ते पेन्सिलीनं लिहिलेलं असतं.

हे ऐकायला आई नाही, ते बरंच झालं.
असती तर पदर तोंडाशी धरून
म्हणाली असती, माझंच चुकलं गं.
काय चुकलं?
त्या सालात ती जगली
आणि तिनं मला जगवलं,
याचाही रकाना नव्हता कुठल्या फॉर्मात.

शेत कुणाचं, ठाऊक नाही.
मी एक कणीस मोडून घेते,
तळहातावर चोळते, फुंकर मारते.
भुसा उडतो. दाणे उरतात, बारीक, तांबडे, ओळखीचे;
मी हे कधीच खाल्लेलं नाही,
तरी ओळखीचे.

जेवणानंतर वीस मिनिटं चालायला सांगितलंय.
शेताच्या कडेनं आम्ही चालतो,
ती पुढे, पोटावर हात,
मी मागे, मूठ मिटलेली.
मध्येच ती थांबते, हात पुढे करते.
"दे ना दोन दाणे. साखर वाढेल का याने?"

सावकाश चाव, मी म्हणते.