पाठमोरा घाट

विसाव्या की एकविसाव्या वळणावर मोस्कविचनं अंग टाकलं.
आधी वास आला, जळक्या लोकरीसारखा,
मग खालून कुणीतरी डबा लाथाडल्याचा आवाज,
आणि मग इतकी शांतता
की शेजारी उरमातच्या तोंडात
कुरुतची वाळकी, खारट गोळी
फुटलेली मला ऐकू आली.

बाबा उतरले. बॉनेट उघडलं, मिटलं.
तापलेल्या कपाळावर हात ठेवावा तसं,
इलाज म्हणून नव्हे, रीत म्हणून.
मग गाडीखाली सरपटले. बाहेर फक्त बूट.
बूट म्हणाले,
"पहिला पडत नाही. दुसरा पडत नाही.
तिसऱ्याचं तर नावच नको."
"मग पडतं तरी काय?" आईनं विचारलं.
बूट बराच वेळ गप्प.
"रिव्हर्स."

खाली कोचकोर, अर्ध्या दिवसावर.
वर खिंड, अजून आठ वळणं,
आणि पलीकडे सोन-कुल,
जिथं तंबू ठोकायचं आई मेपासून बोलत होती,
म्हणजे मॉस्कोचं तिकीट निघाल्यापासून.
तिकिटाचं आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं.
ते पिठाच्या डब्यामागे होतं.
आम्ही पीठ सांडलं होतं.

एक म्हातारा घोड्यावरून आला,
थांबला, आणि रीतीप्रमाणे आधी विचारलं,
"गुरंढोरं, माणसं सुखरूप?"
"सुखरूप," बाबा म्हणाले.
बिश्केकला आमच्या फ्लॅटमध्ये एक मांजर होतं.
मग त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली,
चाबकाच्या दांड्यानं टायर टोचला
आणि म्हणाला, "तोंड फिरवा की हिचं.
पुढं जायचं नाही म्हणते, तर मागं जाऊ द्या. वर."

आम्ही सगळ्यांनी ढकलून तिला वळवली,
म्हाताऱ्यानं घोड्यावरूनच हुकूम सोडले.
आणि मग मोस्कविच निघाली,
घाटाला पाठ देऊन,
केकाटत, पण निघाली.

काचेतून आम्हाला पुढचं काहीच दिसेना.
दिसत होता तो मागे पडलेला रस्ता,
आमचीच धूळ, खाली खाली जाणारी नदी,
म्हाताऱ्याचा घोडा, मग घोड्याएवढा ठिपका.
उरमातला वाटलं आपण घरी चाललोय. तो रडला.
मी त्याला धरून सीटवर गुडघ्यावर उभं केलं
आणि मागच्या काचेतून दाखवलं:

आई.
हातात चाकाखाली लावायचा दगड,
पायात शहरातल्या चपला,
गाडीच्या पुढे, म्हणजे मागे,
उलटी उलटी चढत होती, आमच्याकडे तोंड करून,
मोकळ्या हातानं बोलावत,
ये, ये, थोडं डावीकडे, ये.
आणि बाबा मान वळवून तिच्याकडे बघत होते.
आठ वळणं. दर वळणाला इंजिन निवेपर्यंत थांबत.
घरी त्यांनी एकमेकांकडे इतका वेळ
बघितल्याचं मला आठवत नाही.
ती दोनदा पडली.
दोन्ही वेळा दगड सोडला नाही.

तळं मला फारसं आठवत नाही, खरं सांगायचं तर.
पोहोचलो तेव्हा अंधार होता.
तंबूची एक काठी कमी निघाली,
ती जागा बाबांनी जॅकच्या दांड्यानं भागवली.
रात्रभर कापडाला ग्रीसचा वास.
सकाळी शेजारच्या युर्तमधून कुमिस आला,
आईनं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, हसली,
अजून मागितला.

सप्टेंबरात तिला सोडायला गेलो
तेव्हा विमानतळावर ती सरळ चालत गेली,
सगळे जातात तशी. निळा कोट, पाठ.
उरमात दाराच्या काचेशी
बराच वेळ हात हलवत राहिला,
निरोपाचा नाही,
ये, ये, थोडं डावीकडे.

गिअरबॉक्स पुढं हिवाळ्यात उघडला.
आत एक तुटका दात सापडला, वाटाण्याएवढा.
बाबांनी तो रॉकेलनं धुतला
आणि पिठाच्या डब्यामागे ठेवला.